देव्हाऱ्याजवळचा डबा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, आणि खरं सांगायचं तर चुका काढायला वाचतो. अमावास्या लिहिलेली असली की कॅलेंडर काढून तारीख पडताळतो. नव्वद टक्के वेळा जुळत नाही. मी एका कंपनीच्या शिवडीच्या गोडाऊनमध्ये स्टोअर सांभाळतो, सव्वीस वर्षं. मोजल्याशिवाय सही करत नाही. भूत, करणी, अंगात येणं — यातलं काहीही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरीही लिहितोय, कारण जे झालं ते माझ्या घरात झालं आणि त्याची टॅली मला लागत नाहीये.

घर लालबागला, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर. राहायला येऊन एक वर्ष दहा महिने झाले. घरात आम्ही तिघं — मी, बायको वैशाली आणि मुलगी प्राजक्ता, वय सव्वीस. माझे वडील, नाना, ही जागा पाहू शकले नाहीत. चाळ रिकामी केल्यावर आम्ही परळला भाड्याने राहत होतो, तिथेच ते गेले. या घरात त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही हे लक्षात ठेवा.

आठ महिन्यांपूर्वी प्राजूला ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये एक स्मार्ट स्पीकर लागला. नाव घेऊन हाक मारली की गाणी लावतो, हवामान सांगतो, तो प्रकार. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्यांचे सारखेच असतात. मी त्याला डबा म्हणतो. हॉलमध्ये मोकळा प्लग एकच — देव्हाऱ्याशेजारी, विजेच्या समईसाठी काढलेला. तिथे समईबरोबर डब्याचीही पिन बसेल असा जोड लावून डबा ठेवला. गणपतीपासून अंतर एक वीत. ही आमची चूक, आणि ती आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकते. कारण आम्ही मूळचे देवगडकडचे. आमच्याकडे देवापुढे मनातल्या मनात हात जोडून भागत नाही, देवाशी बोलावं लागतं. मोठ्याने, नाव घेऊन, काय दुखतंय खुपतंय ते सगळं सांगून.

नाना तर गाऱ्हाणं घालायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — घरातल्या कर्त्याने देवापुढे उभं राहून सगळ्या कुटुंबाच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा म्हटलं की शब्द दिला, असा हिशेब. त्याचंच काय, आपल्या आवाजाचं कसलंच रेकॉर्डिंग नाना कधी करू देत नसत. मोबाइल दिसला की हात मध्येच खाली घ्यायचे. “देवाकडे बोलतंय मी, तुझ्या डबड्याकडे नाय.”

आता मुद्द्याचं. प्राजूला चौदाव्या वर्षी फिट आली. सतराव्या वर्षापर्यंत एकूण पाच. माझ्या डायरीत प्रत्येकीची तारीख आणि किती मिनिटं हे लिहिलेलं आहे. औषधं झाली, डॉक्टरांनी हळूहळू बंदही केली, आणि गेली नऊ वर्षं एकही नाही. तिचं लग्न ठरवायला घेतल्यावर मी आणि वैशालीने ठरवलं, हा विषय काढायचा नाही. प्राजू म्हणाली होती, “पप्पा, सांगून टाकू या ना.” मी म्हटलं, “नऊ वर्षांत नाही, म्हणजे नाहीच.” दादरचं एक चांगलं स्थळ आलं. रविवारी मंडळी घरी येणार होती.

त्याच्या आदल्या सोमवारी वैशालीने मला तिचा फोन दाखवला. “अहो, हे काय येतंय बघा.” जाहिरात होती — फिट आली की घरच्यांना आपोआप कळवणारं घड्याळ. खाली दुसरी, झोपेत फिट येणाऱ्या मुलांसाठी खास उशी. वैशाली त्या फोनवर व्हॉट्सॲप आणि भजनं यापलीकडे जात नाही.

“तू काही शोधलंस?”

“मी कशाला शोधू? नाव तरी काढते का मी त्याचं?”

“कुठेच नाही?”

“देवापुढे काढते. सकाळी.”

शनिवारी दुपारी सुट्टी होती, प्राजू आत झोपली होती. माझ्या फोनवर डब्याचं ॲप उघडून त्यात जुन्या नोंदी कुठे दिसतात ते शोधलं. त्रेसष्ट नोंदी. त्यातल्या बेचाळीस अशा, की डब्याला कोणी हाक मारलेलीच नाही. एक्केचाळीस माझ्या बायकोच्या प्रार्थना होत्या. तोडक्यामोडक्या मजकुरात लिहून काढलेल्या. ‘देवा प्राजूला त्या लोकांसमोर काही होऊ देऊ नको.’ ‘यांचा राग कमी कर.’ ‘मला आधी ने पण तिला फिट नको.’ आणि प्रत्येकीखाली डब्याचं न बोललेलं, नुसतं लिहिलेलं उत्तर — ‘माफ करा, मला समजलं नाही.’ त्याखाली अंगठा वर, अंगठा खाली. हे उत्तर उपयोगी होतं का?

हे म्हणजे कोणीतरी आपल्या घरातला वापरलेला टॉवेल हुंगतंय आणि वर विचारतंय, सेवा कशी वाटली. त्याहून घाण हे, की मीही ते सगळं वाचलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती देवाकडे काय मागते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि आता ते मला या डब्याकडून कळत होतं.

बेचाळिसावी नोंद आवाज म्हणून होती, मजकूर नव्हता. भाषा ओळखता आली नाही, असं लिहिलेलं. वार बुधवार, सकाळी अकरा वीस. लांबी एक मिनिट बावन्न सेकंद. त्या बुधवारी मी शिवडीला होतो, हजेरीचा पंच आहे. प्राजू ऑफिसात. वैशाली माटुंग्याला बहिणीकडे. घराला कुलूप होतं. मी ती लावली.

“बा देवा म्हाराजा…”

नानांचा आवाज.

शब्दाच्या शेवटी घसा खरवडायची त्यांची सवय, सगळं जसंच्या तसं. “ह्या चेडवाक जी काय पीडा लागली आसा, ती तुझ्या पायाकडसून दूर कर रे म्हाराजा.” चेडू म्हणजे मुलगी, आमची प्राजू. मागून ‘व्हय म्हाराजा’. त्यात माझा आवाज होता, वैशालीचा होता, आणि एक कोवळा, मुलीचा. त्यामागे पिंपात नळाचं पाणी पडतंय. आमच्या चाळीतल्या खोलीत दाराशी पिंप होतं. या घरात पिंप नाही. हे गाऱ्हाणं प्राजू पंधरा वर्षांची असताना, दुसऱ्या फिटनंतर घातलेलं. अकरा वर्षं झाली. ती खोली पाडून झाली. डब्याच्या तळाशी बनावटीचं वर्ष छापलं होतं — गेल्या वर्षीचं.

मग पुढचं वाक्य आलं. “उद्या हेच्या लग्नाचा ठरात, तेवा समोरच्याक खरा काय ता सांगतलंव, लपवूचव नाय रे म्हाराजा.”

आणि ‘व्हय म्हाराजा’. माझा आवाज स्पष्ट, सगळ्यात पुढे.

मी हे विसरलो होतो. इतकं विसरलो होतो की आधी वाटलं, हे वाक्य नंतर घुसडलंय. मान वर केली तर दारात प्राजू उभी होती.

“आजोबा?” ती म्हणाली.

“काही नाही. कंपनीची काहीतरी ट्रिक आहे. हल्ली आवाज बनवतात.”

“बनवायला आधी आवाज लागतो, पप्पा. आजोबांचा कुठे आहे कोणाकडे?” मी फोन पालथा ठेवला. “बरं, ट्रिक धरू. पण तुम्ही हो म्हणाला होतात की नाही?”

वैशाली स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

“म्हणाला होतात,” ती म्हणाली.

“मग तू इतके दिवस गप्प का?”

“तुम्हीच म्हणालात ना, विषय काढायचा नाही. मग मी नाही काढला.”

मला त्या क्षणी भीती वाटली नाही. किळस वाटली — त्या डब्याची, आणि आमच्या देव्हाऱ्यातून माल उचलणाऱ्या लोकांची. वडिलांना दिलेला शब्द मला त्यांच्याच दुकानातून परत मिळावा, हे सहन होईना. मी सगळ्या नोंदी निवडल्या आणि पुसल्या. ‘कायमचं पुसायचं का?’ असं विचारलं. हो. जोड उपटला, डबा वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर ठेवला. “पप्पा, थांबा!” असं प्राजू म्हणाल्याचं आठवतं. मी थांबलो नाही.

रविवारी मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई; आई शाळेतून निवृत्त झालेल्या. पोहे झाले. मग बाईंनी सरळच विचारलं, “बाकी तब्येत वगैरे ठीक ना? विचारलेलं बरं असतं.”

वैशालीने माझ्याकडे पाहिलं नाही. प्राजूनेही नाही. माझ्या जिभेवर ‘एकदम ठीक’ तयार होतं.

मी म्हटलं, “तिला फिट यायच्या. पाच वेळा. पहिली चौदाव्या वर्षी, शेवटची सतराव्या. औषध बंद आहे. डॉक्टरांचे कागद दाखवतो.”

बाईंनी बशी खाली ठेवली. “हे फोनवर बोलला नाहीत तुम्ही.”

“नाही बोललो. चूक झाली.”

मुलगा प्राजूकडे वळला. “मग गाडीबिडी चालवू देतात?”

“स्कूटी चालवते,” प्राजू म्हणाली. “तुमची खाली लावलेली बघितली. तिरकी. मी सरळ लावते.”

त्याचे वडील हसले. बाकी कोणी नाही. गुरुवारी मेसेज आला — पत्रिका जुळत नाही. आधी छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळतात हे त्यांनीच कळवलं होतं.

वैशाली दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. प्राजू मात्र म्हणाली, “पुढच्यांना पहिल्याच फोनवर सांगा. घरी बोलावून, पोहे घालून नको.” तसंच करतोय. त्यानंतर दोन ठिकाणांहून नकार आला. एक मुलगा, भायखळ्याचा, स्वतःच फोन करून म्हणाला की त्याच्या बहिणीलाही होतं, कधी भेटू. भेटणार आहेत. पुढचं पुढे.

डबा टाकून दिला, जाहिराती थांबल्या नाहीत. परवा वैशालीला पुन्हा ती उशी आली. मी कंपनीला तीन वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळी एका माणसाचं म्हणावं असं उत्तर आलं — वैशालीच्या एक्केचाळीस नोंदी त्यांच्याकडे ‘सेवा सुधारण्यासाठी’ घेतल्याचं मान्य, दिलगिरी वगैरे. पण त्या बुधवारी आपल्या उपकरणातून एकही नोंद आलेली नाही. पुसलेल्या यादीतही नाही. प्राजूच्या ऑफिसमधल्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, आवाजाचा नमुना नसेल तर असं बनवता येत नाही, आणि शब्द तर तुमच्याशिवाय कोणाला माहीत नव्हते. वैशाली म्हणते, नानाच आले. मी तसं म्हणणार नाही. पण त्या जागी दुसरं काय लिहायचं ते मला सुचत नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना प्राजूने मध्येच विचारलं, “पप्पा, मी शेवटचंच ऐकलं. त्यात माझा आवाज कसा होता?”

मी सांगितलं, आपल्या आजाराचं गाऱ्हाणं चाललंय हे तुला कळत होतं, तरी तू हसत हसत ‘व्हय’ म्हणत होतीस. नाना मध्येच म्हणाले होते, “हसतंय काय गो?”

“असं म्हणाले? परत म्हणून दाखवा ना.”

मी प्रयत्न केला. नानांसारखं येईना.