आसुन्तामावशीचं चांगलं नाव

आमच्या पोर्तिची गावात आसुन्तामावशीइतकं सांभाळून गाडी चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. लग्नाआधीपासून हातात चाक, पण कधी कोणाच्या आरशालाही खरचटलं नाही. आमच्या भागात हा चमत्कारच म्हणायचा. आणि चमत्कार दिसला की नातेवाईक जमतातच! आमच्याकडे गाडीचा विमा म्हणजे जावई. कितीही द्या, तोंड वाकडंच. ज्याच्या नावावर अपघात नाही, त्याला हप्ता कमी; मग घरातलं असं एक चांगलं नाव हुडकायचं आणि सगळ्यांच्या गाड्या त्या नावावर चढवायच्या, ही पद्धत. मावशीच्या बहिणीचा रोझारिओ, पंचविशीही न गाठलेला; त्याचीही गाडी मावशीच्याच नावावर.

मावशीची स्वतःची जुनी गाडी मात्र एकाच कामाची. नवरा आनिएल्लो याची मूत्रपिंडं निकामी झालेली. एक दिवसाआड त्याला डायलिसिसला न्यायचं, आणि बस त्याला झेपत नसे.

एकदा मावशीची कंबर धरली. आनिएल्लोला दवाखान्यात सोडून परतताना तिच्या गाडीचं चाक रोझारिओच्या हाती होतं, मावशी शेजारी. बोलता बोलता त्यानं वळण घेतलं आणि स्कूटरवरच्या पाववाल्याला उडवलं. पाय मोडला बिचाऱ्याचा. रुग्णवाहिका बोलावली, तोवर रोझारिओ पांढराफटक पडला होता.

"मावशी, तू इकडे बस, लवकर! तुझ्या या गाडीच्या विम्यात माझ्या वयाच्या पोरांनी चालवायचं नाही. कंपनी पाववाल्याला देईल आणि मग तुझ्याकडून उकळेल. घर जाईल तुझं!"

"अरे, पण मी कुठे..."

"तुझं नाव चांगलंय, तुला एकदा माफ करतील. काकांना दर वेळी मी नेईन. आईची शपथ!"

मावशी बसली. तिथेच चुकलं. पाववाल्याला अदलाबदल दिसली होती, पण त्याला भरपाईशी मतलब. तो गप्प राहिला.

त्याच वर्षी रोझारिओनं स्वतःची गाडीही दोनदा ठोकली, आणि ते पापही मावशीच्याच माथी. विम्याचा एजंट लिबोरिओ एरवी तिला उठून खुर्ची द्यायचा. आता नजर चुकवत म्हणाला, "बाई, तुम्ही जोखमीच्या चालकांत गेलात."

"म्हणजे मला विमा नाही?"

"नाही म्हणायला आम्हाला कायद्यानं बंदी आहे. आम्ही नुसता आकडा सांगतो. नको तुम्हीच म्हणता."

आकडा ऐकून तिनं खरंच नको म्हटलं. घरी येऊन गाडीवर ताडपत्री टाकली आणि ढसाढसा रडली. गाडीपेक्षाही तिला नावाचं वाईट वाटत होतं.

आणि रोझारिओची गाडी? ती अंथरुणाला खिळलेल्या, त्याच्या वडिलांकडच्या आजीच्या नावावर गेली! सुरुवातीला पोरगा काकांना न्यायला वेळेवर यायचा, मग फोन उचलेना. आनिएल्लोचं डायलिसिस चुकू लागलं. पाय सुजले, धाप लागली. डॉक्टरांनी बजावलं, आता एकदा जरी चुकलं तर जिवावर बेतेल.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी रोझारिओ आला, पण उशिराच. मावशी पुढे बसली, आनिएल्लो मागे, धापा टाकत.

"आमच्या मावशीनं पाववाला कसा उडवला, हे मित्रांना सांगतो मी," रोझारिओ खिदळला. "पोट धरून हसतात!"

"मी उडवला?"

"कागदावर तूच ना!"

"पुढे बघ, मेल्या!"

पण तोवर उशीर झाला होता. बाजाराच्या तोंडाशी गाडी लिंबांच्या हातगाडीत घुसली. कोणाला लागलं नाही, पण लिंबं रस्ताभर झाली. हातगाडीवाला शिव्या घालत धावून आला. रोझारिओनं घाईघाईनं पट्टा सोडला.

"मावशी, लवकर! इकडे बस!"

मावशी उतरली, वळसा घालून त्याच्या दाराशी आली. तो शेजारच्या सीटवर सरकू लागला.

"तिकडे नाही. खाली उतर."

"काय?"

"उतर म्हणते ना!"

तिचा असला आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो उतरला. चाकामागे बसून मावशीनं आरसा नीट केला आणि ती हातगाडीवाल्याला म्हणाली, "दादा, गाडी हा चालवत होता. याला इथेच ठेवून जाते. नवऱ्याला दवाखान्यात पोचवलं की साक्ष द्यायला मी स्वतः येते."

"मावशी! अगं, आजीचं नाव खराब होईल!"

"आजीकडे मीच जाते. मी सांगते तिला, नाव कसं जातं ते."

मागून आनिएल्लोनं क्षीण आवाजात विचारलं, "आसुन्ता, पोचू ना गं?"

"पोचवते," ती म्हणाली. मग दोन्ही बाजूंना बघून, लिंबं चुकवत, तिनं गाडी पुढे काढली.