पानातलं मीठ

पन्नासच्या दशकात माझा मुलुंडला दवाखाना होता. एक बाई दर शनिवारी नवऱ्याबरोबर त्याचं ब्लडप्रेशर दाखवायला यायची. केसपेपरवर नाव नवऱ्याचं असायचं, तिचं मी कधी विचारलंच नाही. त्याच्या दंडावरच्या पट्ट्यात मी हवा भरू लागलो की ती पदराचं टोक मुठीत आवळून धरायची. हवा सुटली की तिची मूठही सुटायची.

एकदा यंत्राची रबरी नळी चिमटीत दाबून मी तिला समजावलं, "यांच्या रक्तात एक द्रव्य तयार होतं, ते रक्तवाहिन्या अशा आवळतं. मग हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं आणि ते दमतं. मीठ बंद करा."

महिना झाला तरी प्रेशर उतरेना. मी जरा चिडूनच विचारलं, "मीठ बंद केलंत ना?"

"स्वयंपाकात घालत नाही. पानात मात्र आधी मीठच वाढते."

"ते कशाला?"

"आमच्याकडे बिनमिठाचं पान श्राद्धाला वाढतात, डॉक्टर. हे तर समोर बसलेले असतात."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला.

"मी बोटसुद्धा लावत नाही हो. माझ्यामागून ही त्याच ताटात तेच अळणी जेवते. म्हटलं, तू तरी घे. पण ताट घासायला जातं तेव्हाही मीठ जागच्या जागी असतं."

मी पुन्हा पट्टा गुंडाळला. हवा भरताना माझं लक्ष पाऱ्याकडे कमी आणि तिच्या मुठीकडेच जास्त होतं.