दिवाकरच्या गाडीतलं बटण

दिवाकर गेल्याचं मला शाळेत कळलं. सकाळची वेळ, सहावीचा वर्ग, फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित. फोनवर शंकरभाऊ होते, आमच्या गावच्या रुग्णवाहिकेचे दुसरे चालक. पन्नाशीचा हा माणूस आयुष्यभर ट्रक चालवून वर्षभरापूर्वी अहेरीत या गाडीवर आला होता. “सर, दिवाकरभाऊच्या छातीत दुखून राह्यलं म्हून चंद्रपूरले नेऊन राह्यलो होतो... गोंडपिपरीच्या अलीकडेच गेले.” ज्या गाडीतून दिवाकरने इतकी वर्षं लोकांना दवाखान्यात पोचवलं, तिच्यातच मागे आडवा पडून तो गेला. लोक म्हणाले, काय योगायोग बघा. आज सहा आठवडे झाले, आणि हा शब्द कुणी उच्चारला की मी तिथून उठतो.

आम्ही दोघं सावली गावचे, शाळेत एका बाकावरचे. मी मास्तर झालो, तो ड्रायव्हर. पोटापाण्याने दोघांनाही अहेरीत आणून टाकलं. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींच्या शर्यतीचं वेड त्याने मला लावलं. शनिवारी संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर पात्रता फेरी, रविवारी मुख्य शर्यत. पात्रता फेरी म्हणजे काय, हे त्याने मला शंकरपटावरून, आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीवरून, समजावलं होतं. “पटात जोडी सुटते, सेकंदं मोजतात, तसंच हाय हे. सर्वांत कमी सेकंदवाला उद्या सर्वांच्या समोर उभा राह्यते.” तो काळ्या गाड्यांचा, मी लाल गाड्यांचा. काळ्या गाड्यांच्या इंजिनाला म्हणे एक खास जोर होता. तो फक्त शनिवारी, मोजक्या फेऱ्यांपुरता लावायचा. इंजिनाचं आयुष्य त्याने थोडं खर्ची पडे, म्हणून रविवारी पुन्हा साधा जोर. आमच्या लाल गाड्या दर शनिवारी मागे राहत आणि दिवाकर माझ्या पाठीवर थाप मारून चहा मागवी. मला ते लागायचं. चाळिशी उलटलेल्या माणसाला मोबाइलमधल्या गाड्या हरल्याचं लागायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

करोनाच्या वर्षी, ऐन हंगामात, नियम आला. पात्रता फेरीत इंजिनाचा जो जोर लावाल, तोच शर्यत संपेपर्यंत ठेवायचा. शनिवारचा खास जोर बंद. मी ते वाचून दिवाकरच्या घरी अक्षरशः धावत गेलो. “झाली का जिरवाजिरवी? लबाडी बंद!” तो शांतपणे म्हणाला, “लबाडी कायची, मास्तर? रोज इंजिन जपाचं अन् जवा जीव तोडून पळाचं तवा पळाचं. माह्या गाडीत बी तर तसंच बटन हाय. मी काय लबाडी करून राह्यलो का?” होतं खरं तसं बटण. रुग्णवाहिकेच्या डॅशबोर्डवर, स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला. एरवी गाडी डिझेल वाचवत चाले. बटण दाबलं की इंजिन पूर्ण ताकद लावी. आलापल्लीच्या पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि मागे बाळंतीण कण्हत असली, की दिवाकर अंगठ्याने ते दाबायचा आणि एका दमात चार-पाच ट्रक मागे टाकायचा. रिकामी गाडी परत आणताना त्याने त्याला कधी हात लावला नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याच्या शेजारी बसून कितीदा तरी आलो आहे.

नियम लागू झाल्यावरची पहिली शर्यत इटलीत होती. शनिवारी आम्ही दोघं मोबाइलवर वाकून बसलो. काळ्या गाड्याच पहिल्या आणि दुसऱ्या. दिवाकर इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो, पण खोटं.

त्याच सुमारास आष्टीजवळ रुग्णवाहिका गरम होऊन बंद पडली. आत पेशंट नव्हता, हे नशीब. गाडी चालवणाऱ्या आमच्या गावच्या समितीचा मी सचिव. मेकॅनिकने सांगितलं, पाण्याचा पाइप फाटला होता, बाकी काही नाही. पण बैठकीत कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हर गाडी फार ताणतो. मी एका वाक्यात खरं सांगू शकलो असतो. ते सोडून मी उभा राहिलो आणि इटलीतला नियम समजावून सांगितला. जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत जे बंद केलं, ते आपण कशाला चालू ठेवायचं? इंजिनाला एकच चाल असावी. माझं बोलणं सगळ्यांना फार आवडलं, मास्तरांचा अभ्यास दांडगा आहे असंही कुणी म्हणालं. शर्यतीतला नियम सगळ्या गाड्यांना एकदम लागू झाला होता आणि आलापल्लीच्या रस्त्यावरच्या ट्रकांना तो कुणी सांगितलेला नव्हता, एवढी साधी गोष्ट माझ्या दांडग्या अभ्यासात नव्हती. किंवा होती, आणि मला त्या शनिवारचं हसणं फेडायचं होतं.

बटण काढलं. भोकावर काळी चिकटपट्टी लावली. दिवाकर दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आला. “तू बोल्ला मीटिंगमंदी?” मी हो म्हणालो. “काऊन बे?” मी गाडीच्या आयुष्याबद्दल काहीतरी बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि गेला. नंतर भांडला नाही, शर्यती बघायलाही बोलवत राहिला... फक्त पाठीवर थाप मारणं थांबलं. आणि पेशंट घेऊन निघताना त्याचा अंगठा त्या पट्टीवर जायचा. काही होत नाही हे ठाऊक असूनही जायचा. पट्टी तिथे घासून पांढुरकी झाली आहे.

डॉक्टर म्हणाले, वाटेत पंधरा-वीस मिनिटं वाचली असती तरी फरक पडला नसता. हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. दिवाकरच्या बायकोने, वनिताबाईंनी, विहारातल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला आग्रहाने वाढलं. “तुमी त्याइचे जिवाचे दोस्त,” म्हणाल्या. बटणाचं दिवाकरने घरी कधीच सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून जेवलो. समितीने गाडीवर त्याचं नाव रंगवायचं ठरवलं, तो ठराव सुबक अक्षरात मीच लिहिला.

नाव रंगवून झालं त्या दिवशी शंकरभाऊ गाडी धूत होते. मला बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. “सर, एक विचारू? ट्रकाइच्या मांगं अडकलो होतो, तवा दिवाकरभाऊ मांगून दोनदा म्हणे, शंकर, बटन दाब... मी समदा डॅशबोर्ड पाह्यला. कोन्तं बटन होतं, सर?”

मी दार उघडून पट्टी दाखवली.

“अन् काहाडलं कोनं?”

“समितीनं,” मी म्हणालो.

शंकरभाऊंनी मान हलवली आणि पुन्हा काच पुसायला घेतली. वर्तमानपत्राची ही पुरवणी ते दर रविवारी शेवटच्या पानापासून वाचतात, म्हणून हे इथे लिहितो आहे. शंकरभाऊ, ते बटण मी काढायला लावलं.