कालव्यावरचा खंड्या

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला ऑफिसात होतो. झोपेतच गेला, असं त्याचा भाऊ रडत सांगत होता. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "साखरपुड्याचे फोटो राहिलेत रे त्याच्याकडं..." दीड महिना झाला, ते वाक्य काही केल्या पाठ सोडत नाही.

दत्ता माझा मावसभाऊ. खुटबावला घर, पाटसला नोकरी. सुट्टीच्या दिवशी मोबाईल घेऊन कालव्याच्या कडेला बसायचा. खंड्या पाण्यात सूर मारतो, नेमका तो क्षण त्याला हवा होता. "दादा, बटण दाबतोय तवर गडी मासा घेऊन पसार. माझ्याकडं निस्ती पाण्याची वर्तुळं हायेत." झूम केलं की पक्ष्याचा निळा ठिपका व्हायचा. शेवटी त्यानं सगळ्यात साधा डीएसएलआर कॅमेरा घेतला, लांबच्या लेन्ससकट. मी म्हणालो, "मोबाईलवर लोक सिनेमे काढतात, तुला कशाला हे धूड?" तो म्हणाला, "दाबलं की तवाच घेतो त्यो. आन् डोळा लावला ना, की मी आन् खंड्या. तिसरं कुणी न्हाई."

तिसरे आम्ही होतो. मोबाईल खिशात होता तोवर दत्ता पाहुणा होता. गळ्यात कॅमेरा आला आणि तो कामाला लागला. जावळ, वास्तुशांत, डोहाळजेवण... दर रविवारी कुणीतरी म्हणायचंच, "घरचा फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?" हे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात भांडगावचे पाहुणे त्याला "ओ फोटोवाले, जरा सरका" म्हणत होते आणि मी हसत होतो. तो शेवटच्या पंगतीत गार भात कालवत होता, तेव्हा विचारलं, "काय, खंड्या घावला का?"

"आधी रविवार घावू दे," तो म्हणाला. मला विनोद वाटला.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, सुनीतानं, कॅमेरा कापडातून काढून हातात दिला. कार्डात सगळे आम्हीच, हार घातलेले, जेवणारे, हसणारे. खंड्या एकही नाही. वरची चकती मात्र पळत्या माणसाच्या चित्रावर होती. वेगानं हलणारं काही टिपायचं असेल तर ती तिथं ठेवतात. साखरपुड्याहून घरी येऊन त्यानं ती फिरवली असणार.

"दादा, रविवारी माझ्या भाच्याचं जावळ हाय," सुनीता म्हणाली. "न्या की कॅमेरा. तुमीच काढा फोटो."

"नाही," मी म्हणालो. "हा जावळाला येणार नाही."

मी कॅमेरा परत कापडात गुंडाळला. एवढंच तर म्हणायला हवं होतं मी... दत्ता असताना.