हुपरीची विहीण

आमची हुपरीची विहीण घरात आली की उंबऱ्यातूनच सुनेच्या तोंडाकडे बघायची. माझ्याकडे नाही, पुढं केलेल्या चहाकडे नाही. पैंजणाचा डाग तपासावा तसं लेकीचं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे फिरवायची. मला ते बिलकुल खपायचं नाही. पोरगी आमच्या घरात दिलेली, तपासणारी ही कोण?

तिकडं घरी बसून ती चांदीच्या पैंजणाच्या कड्या जुळवायची, त्यामुळं मान सदा खाली. पण बोलायला लागली की समोरच्याला मान खाली घालायला लावायची. व्याह्यापुढं हळू बोलायची रीत तिनं कधी पाळली नाही.

सून पहिल्यांदा गरोदर होती तेव्हाची गोष्ट. मी आणि पोरगा जेवायला बसलो की रस्त्याकडच्या रानावरून वाजायचंच. त्याला ते विकायचं होतं, मी जिवंत असेपर्यंत ते होणार नव्हतं. आवाज चढायचे, ताटं आदळायची. सून आत भिंतीला टेकून उभी राहायची. पुढं ती जेवेना, झोपेना, बोलायचीही बंद झाली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आई अशी सारखी धास्तीत राहिली तर पोटातल्या बाळाला त्रास होतो. मी ते कानाआड केलं. आमच्या आईनं सासूच्या शिव्या खात सहा पोरं काढली, त्यात मी काय वाईट निघालो?

त्यात ग्रहण आलं. मी सुनेला जागची हलू दिली नाही, विळी-सुरी उचलून ठेवली. नेमकी त्याच दिवशी विहीण टपकली. सगळं बघितलं आणि शेजारपाजार ऐकत असताना म्हणाली, "पावणं, वरच्या चंद्राची सावली पोटातल्या लेकराला लागती म्हणून पोरीला सुरी धरू देत न्हाईसा. आणि रोज ताटावर बसून वरडताय, ते लागत न्हाई व्हय त्याला?"

तुम्ही तुमची चांदी बघा, आमचं घर आम्ही बघतो, असं मी सुनावलं.

"बघितलासा की. तोंड बघा पोरीचं," म्हणाली. ग्रहण सुटल्या सुटल्या लेकीला एसटीत घालून घेऊन गेली. पाचवा महिना होता. माहेरी न्यायची रीत सातव्याची. पुढं बाळंतपण होईस्तोवर मी विहिणीचं नाव टाकलं होतं.

बारशाला मात्र गेलो. नातीला माझ्या मांडीवर देताना ती म्हणाली, "गुटगुटीत हाय, दचकत न्हाई. आता तुमी दचकवू नगासा." पावण्यांनी भरलेल्या घरात हे बोलायचं होतं का?

गेल्या साली तापाचं निमित्त होऊन ती गेली. मी खांदा दिला, रीत म्हणून.

सून आता पुन्हा गरोदर आहे. या खेपेला तिला घेऊन जायला कुणी यायचं नाही. रानाचा विषय निघाला की मी माझं ताट उचलतो आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतो. विहिणीचं ऐकलं असं कुणी समजू नये. पोरगा मागनं येतोच, आणि तिथं मी त्याला सोडत नाही.

आत सून जेवत असते.