यादीत रंजीताबाईचं नाव

रंजीताबाई मांदाळे सुईला घाबरते, असं बोडीटोल्यात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला आधी सावलीत बसवलं असतं, पाणी पाजलं असतं आणि मग विचारलं असतं, "काय गा, उन्हात फिरून आला का?" सिंदेवाही तालुक्यातल्या या गावाची ती चौदा वर्षं आशाताई. अख्खं गाव तिनं लशीसाठी घराघरांतून ओढून काढलेलं. धान साठवायच्या ढोलीमागे लपलेल्या बाया काढल्या, माळ्यावर, पाटणीवर चढून बसलेले म्हातारे उतरवले. एकदा तर लग्नाच्या हळदीतून नवरदेव उठवून आणला होता.

गाव ढिवरांचं, म्हणजे तलावावर जगणाऱ्या मासेमारांचं. लसीकरणाच्या सत्राचा दिवस आला की गावचे पुरुष, बापे लोक, डोंगे घेऊन तलावाच्या मधोमध जाऊन बसायचे. तिथं कोण येणार? रंजीताबाई यायची! साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची आणि एकेकाचं नाव घेऊन ओरडायची. नुसतं नाव नाही. बायकोचं नाव, सासऱ्याचं नाव, सासुरवाडीचं गाव, आणि वर, "सुईले भेऊन पळून राह्यला हो!" तलावाच्या पाळीवरच्या, बांधावरच्या बाया फिदीफिदी हसायच्या आणि डोंगा मुकाट्यानं काठाला लागायचा. तिचं शास्त्र साधं होतं. माणूस सुईला भितो, पण ही गोष्ट सासुरवाडीला कळेल याला त्याहून जास्त भितो.

आता खरं सांगतो. या बाईला स्वतःला सुई नुसती दिसली तरी घाम फुटायचा. पोरीच्या वेळी, डिंपलच्या, माहेरी पोंभुर्ण्याला चार बायांनी धरलं तेव्हा कुठं धनुर्वाताची सुई लागली, आणि ती गोष्ट पोंभुर्ण्यातच राहिली. कोरोनाची लस तिनं गावात घेतलीच नाही. सिंदेवाहीला जाऊन घेतली, बेशुद्ध पडली, आणि नवऱ्यानं, सुरेंद्रनं, गाडीवर पुढ्यात धरून आणली. गावात सांगितलं, गाडी घसरली. दुसऱ्या डोसलाही गाडी घसरली. लोक सुरेंद्रला म्हणायचे, "काय गा, तुले गाडी चालवता येते का नाई?" बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. बायकोसाठी याहून जास्त काय करावं माणसानं, तुम्हीच सांगा.

अशी ही बाई चौतिसाव्या वर्षी नर्स व्हायला निघाली. आशांसाठी राखीव जागा होती, तिनं फॉर्म भरला, आणि गडचिरोलीतल्या एका नर्सिंगच्या शाळेत नाव लागलं. वर्गात एकोणचाळीस पोरी, सगळ्या अठरा-एकोणिसाच्या, आणि ही चाळिसावी. पोरी आधी ताई म्हणाल्या, आठ दिवसांत मावशी म्हणायला लागल्या. तिला कशाचंच काही वाटलं नाही, इतकी ती हवेत होती. पांढरा गणवेश शिवून आला तेव्हा सुट्टीत घरी घालून ती कोंबड्यांमधून तीनदा फेऱ्या मारून आली. चौदा वर्षं तिनं लशीचा डबा वाहिला, पण सुई दुसरीच्या हातात असायची. आता ती आपल्या हातात येणार, रुग्णालयाच्या वॉर्डात आपण उभं राहणार, या विचारानं तिला रात्री आपोआप हसू यायचं.

पण वॉर्डात जायच्या आधी शाळेचा नियम होता. प्रत्येक विद्यार्थिनीची तपासणी: वजन, उंची, डोळे, छातीचा एक्स-रे, रक्त. शिवाय दोन लशी, कावीळ बी आणि धनुर्वात. काविळीचे तीन डोस लागतात, त्यातला पहिला तरी वॉर्डाच्या आधी हवाच. कारण वॉर्डात रक्त असतं, वापरलेल्या सुया असतात, एखादी चुकून टोचली तर जन्माचं दुखणं. नियम अगदी बरोबर होता, आणि रंजीताबाईला तो तोंडपाठ होता. रक्त तपासताना तिला भोवळ आली. "उपाशी आली होती," म्हणाली, आणि खपून गेलं.

लशीच्या दिवशी मात्र तिनं कमाल केली. शाळेतच शिबिर होतं. ही सकाळपासून पदर खोचून तयार. रांग लावली, नावं लिहिली, रडणाऱ्या पोरींचे हात धरले, "मुंगी चावल्यावानी होते वं, घाबरू नोको" हे गावात चौदा वर्षं वापरलेलं वाक्य म्हणून एकोणचाळीस जणींना धीर दिला. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. शेवटी डबा बंद झाला, माणसं गेली, आणि चाळिसावीला टोचायचं राहिलं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिच्या आलं होतं. ती खोलीत जाऊन दार लावून नाचली.

शुक्रवारी शिक्षिका साधना मॅडम फॉर्म तपासायला बसल्या आणि नाच संपला.

"मांदाळे, तुमच्या लशींचा रकाना कोरा कसा?"

"मॅडम... गर्दी होती."

"सोमवारी सकाळी आठला वॉर्ड सुरू. त्याच्या आधी शिक्का दाखवा. नाहीतर बाकीच्या आत जातील आणि तुम्ही सहा महिन्यांनी पुढच्या बॅचसोबत जाल." साधना मॅडम एवढंच बोलल्या आणि दुसरा फॉर्म उघडला. त्या कुणावर ओरडत नसत, म्हणून जास्त भीती वाटायची.

रंजीताबाईनं एसटी पकडली. शनिवारी बोडीटोल्यात लसीकरणाचं सत्र होतं. तिथं लस टोचायला येणाऱ्या चंचल सिस्टरला तिनं फोन केला. केंद्रात कर्मचाऱ्यांसाठी आलेली काविळीची लस शिल्लक होती, धनुर्वाताची तर असतेच. "दोन्ही आणते," सिस्टर म्हणाली. "पण दोनच्या आत या जी. दोनले माहा डबा परत जाते." रंजीताबाईनं बेत केला. सगळे गेले की अंगणवाडीच्या मागच्या खोलीत, दार लावून, सुरेंद्रच्या मांडीवर डोकं ठेवून टोचून घ्यायचं. रडलं तरी फक्त भिंती ऐकतील.

बेत नामी होता. पण रंजीताबाई एक गोष्ट विसरली. तिच्या जागेवर आता सुकरी नावाची नवी आशा होती, आणि तिला रंजीताबाईनंच शिकवलं होतं. काय शिकवलं? "यादी आली का भोंग्यावर नावं घ्याची. पूरी नावं. लोकं शरमेनं येते." सिस्टरनं सुकरीला पाठवलेल्या यादीत रंजीताबाईचंही नाव होतं. गुणाची पोरगी, जसं शिकवलं तसं केलं. शनिवारी सकाळी दहाला ग्रामपंचायतीचा भोंगा कडाडला. बाळांची नावं झाली, गरोदर बायांची झाली. "लटारू मांढरे, पायाले गंजका तार लागला, धनुर्वाताची एक सुई! रंजीता सुरेंद्र मांदाळे, माहेर पोंभुर्णा, दोन सुया! होss दोन! सगड्याइनं हजर राहावं!"

गावाच्या अंगात आलं. ज्याला लस नव्हती तोही निघाला. म्हाताऱ्या काठ्या टेकत निघाल्या, कुणी रोवलेलं जाळं तसंच टाकून आला. ज्यांना ज्यांना रंजीताबाईनं चौदा वर्षांत ओढलं होतं, ते सगळे अंगणवाडीपुढं जागा धरून बसले. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा पण आणल्या. बाईला टोचताना पाहायचं, बस्स, एवढीच हौस!

घराच्या खिडकीतून रंजीताबाईनं ती गर्दी पाहिली. मग ती पळाली. मागच्या दारानं, वाडीतून, कुंपणातून, थेट तलावावर. सुरेंद्रचा डोंगा सोडला आणि बांबूनं रेटत गेली मधोमध, जिथं शिंगाड्याचे वेल दाट आहेत आणि माणूस पाळीवरून दिसत नाही.

तिथं आधीच एक डोंगा होता. त्यात लटारू मांढरे बसला होता, साठीचा, पायाला फडकं बांधलेला. तिला पाहताच म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले. "येतो वं बाई, येतो! पन माह्या सासऱ्याचं नाव नोको घेऊ. मेला बिचारा!"

"लटारूभाऊ, मी तुमाले धराले नाई आली."

"मंग?"

"मी बी पळून आली."

लटारूनं तिच्याकडं पाहिलं. "तू? तू काऊन?"

"सुईच्या भेवानं."

म्हाताऱ्याच्या पोटातून असं काही हसू उसळलं की डोंग्यात पाणी आलं. "चौदा वर्सं! अवं चौदा वर्सं तू मले या तलावात हाकलून राह्यली! अन् मंग ते मुंगी? मुंगी चावल्यावानी होते, ते?"

"मले का माहीत भाऊ! मी त बेसुद्धच पडतो दरवेळी!"

दोघंही हसले. हसता हसता दोन डोंगे एकमेकांवर आपटायला लागले. आणि मग हसणं कधी मोडलं ते तिचं तिला कळलं नाही, ती रडायलाच लागली. पदरानं नाक पुसत तिनं सगळं सांगितलं, सोमवार, आठ वाजता, सहा महिने.

"आता नाई घेतली त सहा महिन्यानं घेजो," लटारू म्हणाला.

"सहा महिन्यानं बी सुईच राहीन न भाऊ. तिचं काय फूल होनार हाय? पोरी आत जातीन अन् मी दाराच्या बाहेर उभी राहीन. मले जायचं हाय भाऊ. लय जायचं हाय."

म्हाताऱ्यानं पाण्यात थुंकून जरा विचार केला. "चाल मंग. पलटव डोंगा."

"तुमी बी चला."

"मी काऊन?"

"गंजका तार लागला तुमाले. दातखिळी बसून मरान."

"तू पहिले."

"तुमी पहिले."

असं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं, बाई पहिले, म्हातारा मागून. पण एकमेकांवर भरवसा कुणाचा होता? तिला त्यानं आपल्या डोंग्यात घेतलं, तिचा मागं बांधला. म्हातारा उडी मारील म्हणून तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. बाई उडी मारील म्हणून तो अर्धं लक्ष पाण्याकडं आणि अर्धं तिच्याकडं ठेवून रेटत राहिला. पाळीवर तिला शोधत अख्खं गाव जमलं होतं. सुरेंद्र सगळ्यांच्या पुढं, गुडघाभर पाण्यात, काकुळतीला येऊन हात हलवत होता. पावणेदोन झाले होते. चंचल सिस्टर डबा घेऊन पाळीवरच आली होती.

"इथंच घेता का जी? माही गाडी जाऊन राह्यली."

रंजीताबाई पाळीवर मांडी घालून बसली. गावाकडं पाहिलं. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. "बायाइनो, मले लय भेव लागते," ती म्हणाली. "पहिल्यापासून लागते. मी रडनार हाओ. हसा बापा तुमी."

आणि रडली! "आई वंsss!" अशी ओरडली की बगळे उडाले, बैल दावणीला ओढू लागले आणि शेंगा खाणाऱ्याला ठसका लागला. एक दंड झाला. दुसऱ्या दंडाला तर सुई लागायच्या आधीच ओरडली. सुरेंद्रनं तिचं डोकं छातीशी धरलं होतं, आणि या वेळी ती बेशुद्ध पडली नाही. गाव पोट धरधरून हसलं. तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

मग लटारू बसला. "हात धर वं माहा," म्हणाला. तिनं धरला आणि तोंड फिरवलं. दोघंही एकदम ओरडले. आधी कोण ओरडलं ते सिस्टरला अजून ठरवता आलेलं नाही.

गर्दी पांगेल असं वाटलं, पण बायनाबाई पुढं आली. ही बाई रंजीताबाई गडचिरोलीला जायच्या आधीपासून ढोलीमागून निघालीच नव्हती, सून पोटुशी असून तिलाही निघू देत नव्हती. आज सुनेचा हात धरून उभी होती.

"बायनाबाई, तुमी?" रंजीताबाई म्हणाली. "एवढ्या दिवसाची बोलावून राह्यली मी, तवा नाई आल्या!"

"तू तवा लय मोठी बाई होती न. तुले कशाचंच भेव नाई असं वाटे. तुह्यापुढं रडाची लाज वाटे, म्हून लपून राहो." तिनं सुनेला पुढं केलं. "आता तू बी आमच्यावानीच निंगाली. टोच वं सिस्टर हिले. अन् हे रडली त रडू दे."

तिच्यामागं आणखी दोघी होत्या. त्यांच्यामागं एक म्हातारा. रंजीताबाई नुसती पाहत राहिली. चौदा वर्षं आपण आपली भीती पदराखाली लपवली, लोकांना धीर यावा म्हणून. आणि लोक त्या धीरालाच बिचकत होते! तिला स्वतःला एक धपाटा घालावासा वाटला, पण दोन्ही दंड दुखत होते. सिस्टरची गाडी त्या दिवशी अडीचला गेली, आणि रंजीताबाईच्या फॉर्मवर दोन सह्या आणि एक जांभळा शिक्का पडला.

सोमवारी पावणेआठला ती पांढऱ्या गणवेशात वॉर्डाच्या दाराशी उभी. साधना मॅडमनी फॉर्म नीट वाचला, शिक्का पाहिला, मग तिचे सुजलेले दंड पाहिले.

"त्रास झाला का?"

"हो मॅडम. रडली मी. अख्ख्या गावाले ऐकू गेलं."

मॅडमनी सही केली. पोरी आत गेल्या होत्या, दाराशी दोघीच होत्या. मॅडम इकडंतिकडं पाहून अगदी हळू म्हणाल्या, "मांदाळे, बावीस वर्षं झाली मला नोकरीला. लस घ्यायची असली की मी आधी बाथरूममध्ये जाऊन रडून येते. कुणाला सांगू नका."

"सांगून टाका मॅडम," रंजीताबाई म्हणाली. "सांगतलं का लोकं लायनीनं येते."

आणि ती आत गेली.