आवाज करणारा कॅमेरा

म्हातारा खाणकामगार शिम वारला तेव्हा अंत्यविधीत ठेवलेल्या त्याच्या फोटोच्या कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा दिसत होता. पोरांनी मोबाईलमधला एका जेवणाचा फोटो मोठा करून आणला होता. स्टुडिओवाल्यानं शिमच्या हातातला दारूचा पेला पुसला, अंगावर कोट-टाय चढवला, पण खांदा तेवढा राहून गेला. पांढऱ्या शेवंतीच्या फुलांमधून शिमचा चेहरा पीठ फासल्यासारखा भुरकट दिसत होता.

"खांदा कुणाचा रे हा?" नमस्काराला आलेल्या जुन्या खाणकामगारांत कुजबुज झाली.

"माझाच असणार. त्या दिवशी शेजारी मीच होतो," बान गिल-सू म्हणाला. "म्हणजे माझा थोडासा अंत्यविधी आजच उरकला म्हणा."

सगळे हसले आणि हसता हसता खोकायला लागले. कोरियातल्या तेबेक या खाणगावातल्या त्या पिढीचं हसणं नेहमी खोकल्यातच संपायचं. खाणी कधीच्या बंद झाल्या होत्या, पण कोळशाची धूळ अजून ज्याच्या त्याच्या छातीत कामावर होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गिल-सू इस्पितळातल्या खाणकामगारांच्या वॉर्डात गेला आणि तिथलाच झाला. नाकात नळी, पलंगाशेजारी गुरगुरणारं यंत्र. खाणीतला जुना सोबती मेंग सांग-चोल त्याला भेटायला रोज जायचा. मेंगची छातीही फार शहाणी नव्हती, पण अजून नळीवाचून चालत होती. त्याला फोटोंचा नाद होता. रिकाम्या पडलेल्या कामगार वस्त्या, दारं निखळलेली अंघोळघरं, गंज चढलेल्या कोळशाच्या गाड्या, असं काहीबाही तो वर्षानुवर्षं टिपत आला होता.

"दादा, माझा अंत्यविधीचा फोटो तू काढ," एके दिवशी गिल-सू म्हणाला. "आधी काढून ठेवला की आयुष्य वाढतं म्हणतात. नाही वाढलं तरी खांदा तरी नको कुणाचा."

"काढतो की."

"नळी नको त्यात. आणि समोर बघणारा पाहिजे." तो थांबला, यंत्राकडून थोडा श्वास घेतला. "हे-रिम फोटोपुढे वाकून उठेल ना, तेव्हा तिच्या डोळ्यांत बघत असलो पाहिजे. एकदा तरी."

हे-रिम त्याची मुलगी. आई गेल्यावर ती इंचॉनला निघून गेली, ती सणावारालासुद्धा क्वचितच यायची. बाप-लेकीत भांडण असं काही झालं नव्हतं. बोलणंच झालं नव्हतं.

मेंगनं शब्द दिला आणि त्याच आठवड्यात त्याचा कॅमेरा गेला. जुन्या वस्तीच्या उतारावर खोकल्याची उबळ आली, पट्टा खांद्यावरून घसरला आणि कॅमेरा दगडांवर आपटत खाली ओढ्यात पडला.

"बरं झालं," त्याची बायको बुन-ही म्हणाली. "आता तरी पडक्या भिंतींऐवजी घरातली पडकी बाई दिसेल."

"गिल-सूचा फोटो काढायचाय."

ती कोबीला मीठ चोळत होती, तिचे हात थांबले. मग हात पुसून आत गेली आणि खिमचीचं लोणचं ठेवायच्या फ्रीजसाठी बाजूला ठेवलेलं पैशांचं पाकीट आणून त्याच्यापुढे टाकलं. "नवा नको बघूस. जुन्यातला घे. आणि दुकानदारापुढे पाकीट उघडू नकोस, तुझा चेहराच सगळं सांगून टाकतो."

सोलच्या नामदेमुन बाजारात, वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं. दुकान चालवणारी दोबाई पन्नाशीची, गळ्यात चष्मा, बोलणं सडेतोड.

"काय काढायचंय काका? पक्षी की नातवंडं?"

"माणूस. आजारी आहे. खोलीत उजेड कमी आणि फ्लॅश चालायचा नाही, त्यानं डोळे मिटतील. नाकातली नळी काढली की तो फार वेळ टिकत नाही, तेवढ्यात झालं पाहिजे."

दोबाईनं चष्मा चढवला. आता ती गिऱ्हाईक बघत नव्हती, काम बघत होती. तिनं तळहातात मावेल असा एक छोटा काळा कॅमेरा पुढे ठेवला. "हा घ्या. आत आरसा नाही, म्हणून हलका. अंधारात डोळे आपण होऊन शोधतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. दिसायला ओरखडे आहेत, म्हणून स्वस्त."

मेंगनं तो डोळ्याला लावला, काचेबाहेरच्या हमालावर रोखला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बिघडलाय."

"निघाला की फोटो. बघा."

पडद्यावर हमाल होता, अगदी लख्ख. मेंगनं पुन्हा दाबलं. पुन्हा शांतता. पाठीवरून मुंगी चालावी तसं त्याला झालं.

खाणीत छताला पाइनच्या ओंडक्यांचे टेकू असत. वरचा डोंगर खाली यायला लागला की ओंडका आधी करकरायचा, मग कडाडायचा. त्या कडाडण्यावर मान वर करायची आणि पळायचं. पुढे कंपनीनं लोखंडी टेकू आणले. ते मजबूत होते, पण मुके होते. मोडेपर्यंत बोलत नसत. मेंगच्या तुकडीतली जी माणसं मेली ती लोखंडी टेकूखाली गाडली गेली. तेव्हापासून काम करताना आवाज न करणाऱ्या वस्तूवर त्यानं कधी भरवसा टाकला नव्हता. घरचा कुकरसुद्धा त्यानं शिट्टी ऐकून निवडला होता.

त्यानं वरच्या फळीवरच्या एका जाडजूड कॅमेऱ्याकडे बोट केलं. आत आरसा असलेला, जुन्या पद्धतीचा. बटण दाबताच तो खाडकन वाजला. मेंगच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हा द्या."

"काका, ऐका माझं. हा चांगलाय, पण कमी उजेडात चाचपडतो. आणि वजन बघा. हात कापतोय तुमचा."

"हा काम करतो ते कळतं तरी."

"अहो, फोटो ऐकायचा असतो का बघायचा?"

"बाई, तुम्ही कधी खाणीत उतरलात?"

"नाही बुवा. पण कॅमेरे विकून केस पांढरे झालेत माझे," ती म्हणाली. मग सुस्कारा टाकून तो पुसू लागली. "पंधरवड्यात बदलून देईन. डबा फेकू नका."

दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या नर्सनं गिल-सूची दाढी करून दिली. त्यानं पांढरा सदरा घातला, गळ्याशी आता तो सैल होत होता. कपाळावर आणि गालाच्या हाडावर कातडीखाली अडकलेले कोळशाचे निळे कण तेवढे होते तसेच होते.

"हे पुसायला सांगू नकोस स्टुडिओवाल्याला," तो म्हणाला. "नाहीतर वरती कुणी ओळखायचं नाही."

"लवकर उरका हं आजोबा," नर्स म्हणाली आणि तिनं नळी काढली.

गिल-सूनं पाठ सरळ केली. समोर पाहिलं. मेंगनं इतक्या वर्षांत त्याचे डोळे असे सरळ कधी पाहिले नव्हते. ते तपकिरी होते. त्यानं बटण अर्धं दाबलं. लेन्स पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली; अंधारात माणूस भिंत चाचपतो तशी चेहरा चाचपत राहिली. वजनानं मेंगचं मनगट थरथरत होतं. गिल-सूचे ओठ निळे व्हायला लागले, पण त्यानं नजर हलवली नाही.

मग लेन्सला चेहरा सापडला आणि कॅमेरा खाडकन वाजला.

गिल-सूनं मान वर केली.

छताकडे. झटकन, खांदे आवळून.

"गिल-सू, अरे कॅमेराच तो. इकडं बघ."

"हो, हो. काढ."

खाड. आता आवाजाच्या आधीच मान वर. कॅमेरा लागोपाठ फोटो काढत होता आणि पहिल्या आवाजानंतरच्या प्रत्येक फोटोत गिल-सूचे डोळे वर होते. पहिल्याच आवाजाबरोबर निघालेला, समोर बघणारा तो एकच फोटो मेंगच्या मनगटानं हलवून टाकला होता. त्यात चेहऱ्याच्या जागी पांढरं धुकं होतं.

"बास," नर्स म्हणाली आणि तिनं नळी लावली.

गिल-सू बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग हसला. "बघितलंस दादा? पेन्शन मिळते, खाण बंद झाली, पण मान अजून नोकरीवर आहे."

"चूक माझी. मुका कॅमेरा होता दुकानात. मी बदलून आणतो."

"आण. मी आहे इथंच. कुठं जातोय."

मेंग सकाळच्या गाडीनं सोलला गेला. दोबाईनं जाडजूड कॅमेरा परत घेतला. तिनं छोटा काळा कॅमेरा डब्यात घातला, वर बॅटरी एक जास्तीची ठेवली. परतीच्या गाडीत मेंगनं तो मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेरच्या डोंगरांवर सराव केला. कॅमेरा एका शब्दानंही बोलत नव्हता. एकेक डोंगर गुपचूप आत जात होता. आता त्याला त्याची भीती वाटत नव्हती. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा फोन वाजला. नर्स होती.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये हे-रिमनं दोन फोटो समोर ठेवले होते. एक ओळखपत्रावरचा, मोठा केल्यावर नुसते ठिपके झालेला. दुसरा मेंगनं काढलेला, वर बघणारा.

"काका, हाच लावते," ती म्हणाली. "बाबा यात ओळखू तरी येतात."

"पोरी, त्याला समोर बघायचं होतं. तुझ्याकडं. माझा कॅमेरा खाणीतल्या टेकूसारखा कडाडला, म्हणून मान वर गेली त्याची..."

तिनं मेंगकडे बघितलं. तपकिरी डोळे. "घरी जेवताना पण ते असेच बघायचे. वर. लहानपणी मला वाटायचं, ह्यांना मी आवडत नाही म्हणून छताकडे बघतात." काळी फीत तिनं फ्रेमच्या कोपऱ्यावरून सरळ केली. "आता ते कशाला बघायचे ते कळलं, काका. पण माझ्याकडं तर आजसुद्धा नाहीच बघितलं ना त्यांनी."

 मेंग कोपऱ्यात, आलेल्यांना वाढलेल्या तिखट लाल रश्शाचा वाडगा पुढे घेऊन बसला. रस्सा निवत गेला. पिशवीत छोटा कॅमेरा होता, त्याची बॅटरी पूर्ण भरलेली होती.

संध्याकाळी जुने खाणकामगार आले. बूट काढले, उदबत्ती लावली, फोटोसमोर उभे राहिले. सगळ्यात पुढे असलेल्या म्हाताऱ्यानं गिल-सूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाकायच्या आधी झटकन मान वर केली. मग त्याच्या मागच्यानं. मग बाकीच्यांनी.

बाजूला उभी असलेली हे-रिम त्या वर गेलेल्या माना बघत होती. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. मेंगचीही मान वर गेली होती. हॉलचं छत पांढरं होतं, गुळगुळीत, आणि त्याला कुठेही टेकू नव्हता.